दुसरा लेख कधी देतेस?

या अंकात तिसऱ्या पानावर एक नाव आहे. ते तुम्ही याआधी कुठं वाचलेलं नाही. मी ते इथं सांगणार नाही. आधी लेख वाचा, मग नाव बघा. आपल्याकडं उलटं चालतं. आधी नाव बघतात, मग आडनाव, आडनावावरनं जात काढतात, आणि मग लेख वाचायचा की नाही ते ठरवतात. ही बामणी सवय म्हणून आपण हयातभर शिव्या घातल्या. ती आपल्या अंगात कधी शिरली ते कळलंसुद्धा नाही.

नवा लिहिणारा आला की संपादकानं दोन गोड ओळी लिहायच्या अशी रीत आहे. 'उगवता तारा', 'समाजाच्या वेदनेचा हुंकार', 'आमच्या परिवारात स्वागत'. असलं काही मी लिहिणार नाही. हा लेख छापायचा की नाही यावर आमच्या खोलीत तीन रविवार भांडण झालं. एक जण उठून गेला तो अजून आलेला नाही. ते भांडण झाकून स्वागत केलं तर ते खोटं ठरेल. म्हणून भांडणासकट सांगतो.

मुलगी वीस-बावीस वर्षांची. दिवसा एका दुकानात बिलं करते, संध्याकाळी कॉलेज. राहते आमच्या वस्तीच्या पल्याड. मधे नाला. नाल्याच्या अलीकडं आपण, बौद्ध. पलीकडं मातंग वस्ती. १४ एप्रिलची मिरवणूक अलीकडनं निघते, नाल्यापर्यंत जाते आणि मागं फिरते. १ ऑगस्टची, अण्णाभाऊंच्या जयंतीची, पलीकडनं येते आणि तीसुद्धा नाल्यावरनंच मागं फिरते. दोन्हीकडं डीजे एकाच मालकाचा, भाड्याचा. मी हे पंचवीस वर्षं बघतोय. यावर लिहावं असं मला कधी सुचलं नाही. तिला पहिल्याच लेखात सुचलं.

लेख आला मोबाइलवर टाइप केलेला, सात तुकड्यांत. शेवटी 'जय लहुजी, जय भीम'. पहिला आक्षेप तिथंच निघाला. म्हणे आधी जय भीम पाहिजे. दुसरा आक्षेप: भाषेत दम नाही, कुणीतरी हात फिरवा. तिसरा आक्षेप खरा होता. तिनं उपवर्गीकरणाच्या बाजूनं लिहिलंय. अनुसूचित जातींच्या आरक्षणात आमचा वाटा वेगळा मोजून द्या, असं सरळ मागितलंय. आमच्यातला एक जण म्हणाला, 'आपल्याच अंकात? आपली फूट आपणच छापायची?' चौथा सगळ्यात चलाख. 'छापू की. फक्त खाली चौकट टाकू, लेखिकेच्या मताशी संपादक सहमत नाहीत.'

मी विचारलं, आजवर कुणाच्या लेखाखाली अशी चौकट टाकली? कोणी काही बोललं नाही. माझ्या लेखाखाली नाही, तुझ्या नाही, आणि मागच्या वर्षी ज्यानं सगळ्या पुढाऱ्यांना एका ओळीत दलाल म्हटलं त्याच्याही नाही. मग ही चौकट मताला नव्हती. नाल्याच्या पलीकडनं आलेल्या पोरीला होती.

दोस्तांनो, थोडं मागं जाऊ.

साल १८५५. जोतीराव आणि सावित्रीबाई यांच्या पुण्यातल्या शाळेत शिकणारी मुक्ता साळवे, मांगाची पोर, वय चौदाच्या आसपास. तिनं निबंध लिहिला. 'मांग महारांच्या दुःखाविषयी'. 'ज्ञानोदय'नं तो १५ फेब्रुवारी आणि १ मार्चच्या अंकांत, दोन हप्त्यांत छापला. 'ज्ञानोदय' मिशनऱ्यांचं पत्र. आपलं स्वतःचं पत्र तेव्हा नव्हतंच. वेद जर आमचे नाहीत तर आमचा धर्म कोणता, हा सवाल त्या पोरीनं टाकला. पेशवाईत आपल्या माणसांचं काय केलं ते लिहिलं. घर नाही, छप्पर नाही, अशात बाळंत होणाऱ्या बाईचे हाल लिहिले. चौदा वर्षांची पोर बाळंतिणीबद्दल छापून आणते, आणि तेही त्या काळात.

हे सगळं आपण भाषणात सांगतो. पण त्याच निबंधात आणखी एक गोष्ट आहे, ती गाळतो. तिनं लिहिलंय की महारसुद्धा स्वतःला मांगांपेक्षा थोर समजतात, त्यांनाही मांगाच्या सावलीचा विटाळ होतो, हा गुण त्यांनी बामणांकडनं उचलला. म्हणजे शीर्षकात तिनं मांग आणि महार शेजारी शेजारी बसवले, दोघांचं दुःख एक मानलं, आणि आत शेजाऱ्याला त्याची चूकही तोंडावर सांगितली. दोन्ही एकाच लेखात. एकी पाहिजे म्हणून गप्प बसावं असं तिला वाटलं नाही. तिच्यापुढं 'आपली फूट छापू नका' म्हणणारा आमच्यासारखा संपादक असता तर ती ओळ आज वाचायला मिळाली असती का?

आणि आता मला सतावणारा प्रश्न. मुक्ताचा दुसरा लेख कुठंय?

नाही. एक निबंध. पुढं तिनं लिहिलं का, काय लिहिलं, आपल्यापर्यंत काही पोचलेलं नाही. एवढी पेटलेली लेखणी चौदाव्या वर्षी एकदा उठते आणि मग आपल्या कानावर काही येत नाही. तिला कुणी मागितला का दुसरा लेख? मला माहीत असलेला एवढाच हिशेब आहे की निबंध १८५५ चा, आणि बेबी कांबळ्यांचं 'जिणं आमुचं' पुस्तक म्हणून आलं १९८६ साली. मधे बाया मुक्या नव्हत्या. शिवराम जानबा कांबळ्यांनी १९०८ साली 'सोमवंशीय मित्र' काढलं, मुरळी सोडण्याच्या चालीवर हत्यार उपसलं, तेव्हा शिवुबाई नावाच्या मुरळीचं पत्र त्यात छापलं गेलं. बोलणाऱ्या बाया होत्या. पण आज पत्र छापलं, उद्या विसरलं. बेबीताईंनी फलटणला छोटं दुकान चालवता चालवता लिहिलं, घरच्यांपासून कित्येक वर्षं लपवून ठेवलं, आणि ते क्रमशः छापलं कुणी? 'स्त्री' मासिकानं. तेव्हा आमच्या चळवळीची कितीतरी अनियतकालिकं निघत होती. आम्ही बाप्ये त्यांत एकमेकांना उत्तरं देत बसलो होतो.

म्हणून मी म्हणतो, पहिला लेख छापण्याला मी स्वागत म्हणत नाही. पहिला लेख कोणीही छापतो. नवं नाव असतं, मागासातला मागास असतो, अंकाला शोभा येते, आपण किती मोठ्या मनाचे ते दिसतं. दुसरा लेख मागायला दम लागतो. दुसरा मागितला म्हणजे तिला पाहुणी धरलं नाही. तिची जागा धरून ठेवली.

हे मी शहाणपणानं सांगत नाही. चूक केलीय म्हणून सांगतोय.

पंधरा-सोळा वर्षांपूर्वी पलीकडचा एक पोरगा आमच्याकडं यायचा. अण्णाभाऊंवर त्यानं कविता लिहिली, आम्ही ऑगस्टच्या अंकात पहिल्या पानावर छापली. पुढच्या ऑगस्टला पुन्हा मागितली. मधे त्यानं एकदा रेशनकार्डावर लिहून आणलं होतं. पलीकडच्या वस्तीतली किती कार्डं रद्द झाली, कुठल्या कागदापायी अडली, घराघरात जाऊन विचारून लिहिलं होतं. मी ते वाचलं सुद्धा नाही नीट. त्याला म्हणालो, 'यावर लिहिणारे आपल्याकडं आहेत. तू अण्णाभाऊंवर दे.' हे शब्द माझे. दुसऱ्या कुणाच्या नावावर ढकलत नाही.

म्हणजे आम्ही त्याला दर ऑगस्टला आठवायचो आणि सप्टेंबरात विसरायचो. नंतर तो यायचा बंद झाला. आम्ही म्हणालो, कच्चा निघाला. आता दर वर्षी जयंतीच्या मंडपात तो असतो, डोक्याला भगवा फेटा, शेजारी ज्यांची सभा आपण उधळायला जायचो ते लोक. मागच्या वर्षी रस्त्यात भेटला. मी तावातावानं विचारलं, अरे तू त्यांच्यात? तो शांतपणे म्हणाला, 'ते मला बारा महिने बोलावतात.' मला उत्तर देता आलं नाही. समरसतेच्या गप्पा मारणाऱ्यांनी आपली पोरं पळवली म्हणून आपण छाती बडवतो. ते पळवतात हे खरंच आहे. पण दार आम्ही उघडं टाकलं होतं, आणि तेही आतनं बाहेर जायचं.

आता बाबासाहेबांचं घ्या. 'मूकनायक' निघालं ३१ जानेवारी १९२० ला. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले. 'केसरी'नं पैसे देऊनसुद्धा जाहिरात छापली नाही. बाबासाहेब सिडनहॅम कॉलेजात नोकरीला, म्हणून संपादक म्हणून नाव पांडुरंग भटकरांचं. त्याच वर्षी जुलैत बाबासाहेब शिकायला लंडनला गेले, आणि पत्र पुढं फार वर्षं तगलं नाही. मग ३ एप्रिल १९२७ ला 'बहिष्कृत भारत'. त्याचे चोवीस-चोवीस रकाने आपल्याला एकट्याला लिहून काढावे लागतात, हे बाबासाहेबांनी अंकातच सांगितलं.

ही गोष्ट आपले वक्ते छाती फुगवून सांगतात. बघा, एकट्यानं चोवीस रकाने! टाळ्या पडतात. अरे, ते फुशारकीनं लिहिलेलं नव्हतं. लिहिणारे हात नाहीत, पैसा नाही, माणसं नाहीत, याची ती कैफियत होती. शिक्षणच नाकारलेला समाज, त्यातनं लिहिणारा आणायचा कुठनं? त्यांना दुसरा हात मिळत नव्हता. आणि आज आम्हाला हात शोधत येतायत, तर आम्ही चार जण रकाने अडवून बसलोय. गेल्या दोन वर्षांचे अंक काढून बघा. तीच चार नावं. तेच चार फोटो. मी स्वतः एका अंकात तीन लेख लिहिले, एक खऱ्या नावानं, दोन टोपणनावानं. बाबासाहेबांनी नाइलाजानं केलं ते आम्ही हौसेनं करतोय. याला एकखांबी तंबू म्हणत नाहीत. याला मक्तेदारी म्हणतात, आणि मक्तेदारी आपल्याला चांगली ओळखू येते, फक्त दुसऱ्याची.

स्वागताचा दुसरा एक नमुना १९३६ चा. लाहोरच्या जातपात तोडक मंडळानं बाबासाहेबांना अध्यक्ष म्हणून बोलावलं. मोठ्या मानानं. भाषण छापून तयार झालं तेव्हा मंडळवाल्यांना घाम फुटला. हे गाळा, ते सौम्य करा. बाबासाहेबांनी एक स्वल्पविरामसुद्धा बदलायला नकार दिला. परिषदच रद्द झाली. बाबासाहेबांनी भाषण स्वतःच्या खर्चानं छापलं, पंधराशे प्रती. तेच ते 'जातिप्रथेचं निर्मूलन'. पाहुणा बोलावायचा आणि त्यानं काय बोलायचं ते आपण ठरवायचं, याला मंडळवाले स्वागत समजत होते.

आणि पुढची गोष्ट जास्त मोठी, ती कुणी सांगत नाही. गांधींनी 'हरिजन'मध्ये त्या भाषणावर टीका केली. १९३७ साली बाबासाहेबांनी दुसरी आवृत्ती काढली तेव्हा गांधींची ती टीका स्वतःच्याच पुस्तकात छापली, आणि तिच्या पाठोपाठ आपलं उत्तर. विरोधकाचं म्हणणं गाळलं नाही, तोडलं नाही. वाचकाच्या पुढं दोन्ही ठेवलं, तू ठरव म्हणाले. ज्याच्या मुद्द्यात दम असतो त्याला चौकट लागत नाही. आम्ही बाबासाहेबांची माणसं म्हणवतो आणि वीस वर्षांच्या पोरीच्या दोन पानांना घाबरतो.

आता भाषेचं. आमच्यातल्या एकाला तिची भाषा नीट करायची होती. नीट म्हणजे काय? 'होतं'चं 'होते' करायचं, 'आमच्यात'चं 'आमच्या समाजामध्ये' करायचं. म्हणजे सदाशिव पेठेत चालेल असं करायचं. बरं, तो गप्प बसला तर दुसऱ्याला उलटी खुमखुमी. म्हणे हे फारच साधं आहे, थोडी बोली घाल, दोन कचकचीत शिव्या घाल, वाचकांना अस्सल वाटतं. 'गोलपिठा' येऊन पन्नास वर्षं उलटली. ढसाळांनी जी भाषा कामाठीपुऱ्याच्या गल्लीतनं ओढून आणली ती त्यांची होती. आता नवा कवी आला की आम्ही त्याला ती अंगावर चढवायला लावतो, बँडवाल्याच्या कोटासारखी. ही मुलगी दिवसभर बिलं करते. तिची वाक्यं बिलासारखी आहेत. वस्तू, नग, रक्कम. कुठल्या गल्लीत नळ किती वाजता येतो, पलीकडं किती बारावी पास, अलीकडं किती, अभ्यासिकेची चावी कुणाकडं असते. हीच तिची भाषा. आम्ही ऱ्हस्वदीर्घ तेवढं सुधारलं, तेही तिला विचारून. एक वाक्य हललेलं नाही.

आता तिच्या मुद्द्यावर येतो. न येता पुढं गेलो तर तुम्हीच म्हणाल, संपादक शेपूट घालतोय.

सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १ ऑगस्ट २०२४ ला आला. सात न्यायमूर्ती, सहा विरुद्ध एक. राज्यांना अनुसूचित जातींमध्ये उपवर्ग पाडता येतील, पण आकडेवारीचा आधार दाखवावा लागेल. २००४ चा चिन्नय्या खटल्यातला निकाल याच्या उलट होता, तो मोडीत निघाला. तारीख पुन्हा वाचा. अण्णाभाऊंची जयंती. त्या संध्याकाळी नाल्याच्या पलीकडं दुप्पट फटाके वाजले. आणि २१ ऑगस्टला भारत बंद झाला तेव्हा अलीकडची दुकानं बंद होती, पलीकडची चालू. एकाच नाल्याचं पाणी पिणारे डास दोन्हीकडं चावतात, पण निकाल एकच वाचून आम्ही दोन वेगवेगळ्या गावांत राहतो.

महाराष्ट्राच्या यादीत ५९ जाती. त्यांतल्या आपण आधी शिकलो, हे खरं. का शिकलो? बाबासाहेबांनी सांगितलं, गावकीची कामं सोडा, मेलेली ढोरं ओढू नका, पोरं शाळेत घाला. ज्यांनी ऐकलं ते निघाले. मुंबईला सिद्धार्थ कॉलेज १९४६ ला, औरंगाबादला मिलिंद १९५० ला. आपले बाप तिथं उपाशीपोटी शिकले. कुणी ताटात वाढलं नाही. एवढं सांगून आमच्यातले काही जण पुढचं वाक्य टाकतात: 'मग त्यांनी का नाही शिकलं? कुणी अडवलं होतं?'

थांबा. हे वाक्य कुठं ऐकलंय? आठवा. कॉलेजात, हॉस्टेलात, पहिल्या नोकरीच्या टेबलावर. 'आम्ही मेहनतीनं पुढं आलो, तुम्हाला कुणी अडवलंय?' सवर्णांच्या तोंडून आपण हे ऐकत मोठे झालो. त्यावर आपण लेखामागून लेख लिहिले. तेच वाक्य आज आपल्या तोंडातनं नाल्याच्या पलीकडं जातंय. श्रेणीबद्ध विषमता म्हणजे काय ते बाबासाहेबांनी समजावून सांगितलं होतं. प्रत्येकाला वरचा दिसतो आणि तुडवायला खालचा सापडतो, म्हणून ही व्यवस्था टिकते. पुस्तकात वाचताना आपण स्वतःला कायम खालचा समजून वाचलं. एखादी पायरी आपल्याही खाली असेल हे वाचताना ध्यानातच आलं नाही.

म्हणून तिचा वाटा मोजायचा हा हट्ट मला चूक वाटत नाही. मोजा. मोजायला घाबरायचं काय कारण?

पण तिचं सगळं बरोबर आहे असंही मी म्हणणार नाही. डोक्यावर हात ठेवून स्वागत करणं हाही अपमानच आहे. तिनं लिहिलंय, 'तुम्ही सगळे साहेब झालात.' हे चूक. पहाटे महापालिकेच्या चौकीवर हजेरीच्या वेळी ये. ठेकेदाराच्या यादीतले, हातात झाडू घेतलेले, अलीकडचे आणि पलीकडचे एकाच रांगेत उभे दिसतील. हातानं मैला उपसण्याविरुद्धचा कायदा २०१३ चा. तरी माणसं गटारात उतरवतात आणि ती मरतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला भरपाई वाढवून तीस लाख करावी लागली. गुदमरणाऱ्याला कुणी उपवर्ग विचारत नाही. दुसरं, त्याच निकालात चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींना क्रीमी लेअर लावायची भाषा केली. ते आज आमच्यावर येईल, उद्या तुमच्यातल्या पहिल्या शिकलेल्या घरावर येईल. आणि तिसरं, कायम नोकऱ्याच ठेक्यावर चालल्यात. भाकरीच उचलून नेतायत, तेव्हा वाट्याचा हिशेब करताना टोपलीवर पण नजर ठेवावी लागेल. यावर तिनं लिहिलेलं नाही. मला वाटतं तिनं लिहावं.

हे माझं म्हणणं. पूर्ण उत्तर आमच्यापैकी एक जण पुढच्या अंकात देईल. या अंकात मुद्दाम देत नाही, तिचा लेख तुम्ही आधी नुसता वाचावा म्हणून. आणि त्या उत्तरावर तिचं उत्तर त्याच्या पुढच्या अंकात, जागा तेवढीच, पान तेच. अभ्यासिकेच्या चावीबद्दल तिनं जे विचारलंय त्याचं उत्तर लेखानं देता येणार नाही. चावीची दुसरी प्रत काढून पलीकडं द्यायची असं ठरलंय. ठरलंय म्हणजे झालं असं नाही, म्हणून छापून ठेवतो, म्हणजे मला विचारता येईल.

एक वाचकांना. हा लेख आवडला नाही तर मोबाइलवर त्याचा तुकडा कापून 'बघा, फितूर' असं लिहून फिरवू नका. पत्र लिहा, सही करा, आम्ही छापू. तिच्या आडनावावरनं, घरावरनं, बाई असण्यावरनं लिहिलं तर छापणार नाही, मग ते पत्र कितीही जुन्या कार्यकर्त्याचं असो. १९७२ साली राजा ढाल्यांचा 'काळा स्वातंत्र्यदिन' 'साधना'त छापून आला तेव्हा देशभक्तांनी लेखाऐवजी लेखकाची कातडी मागितली होती. तेव्हा आपण कुठल्या बाजूला उभे होतो ते विसरू नका. आणि १९७४ साली पँथर फुटली ती एकमेकांना उत्तर देता येत नव्हतं म्हणून नाही. उत्तर ऐकून घ्यायची सहनशक्ती संपली म्हणून फुटली. हे माझं मत आहे. पटत नसेल तर त्यावरही लिहा.

शेवटचं तुला.

'उगवता तारा' तुला म्हणणार नाही. शाल-नारळ देणार नाही. तसं झालं की माणूस स्टेजवरनं खाली उतरतो आणि घरी जातो, मग त्याला पुढच्या वर्षीपर्यंत कुणी विचारत नाही. तुझ्याकडं नुसतं दुःखही मागणार नाही. 'तुझ्या आईबद्दल लिही, झोपडीबद्दल लिही, रडायला आलं पाहिजे' असं कुणी आमच्यातला म्हणाला तर त्याला माझं नाव सांग. तुला बजेटवर लिहायचं असेल, सिनेमावर, लोकलच्या महिला डब्यावर, आमच्या अंकाच्या हिशेबावर, लिही. अण्णाभाऊंनी १९५८ साली मुंबईत पहिल्या दलित साहित्य संमेलनाचं उद्घाटन केलं, ते पाहुणे म्हणून केलं नाही. त्यांनी 'फकिरा' बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली. तो माणूस नाल्याच्या कुठल्याच बाजूचा नव्हता. तुझ्या बाजूनं तू निघालीस, आमच्या बाजूनं आम्ही निघायला उशीर केला. एवढं कबूल.

खोलीवर रविवारी दुपारी तीनला बैठक असते. तू लेखिका म्हणून येऊ नकोस, अंक ठरवायला ये. चहा सगळे आळीपाळीनं करतात, पहिल्या दिवशी तू करायचा नाहीस. जो एक जण उठून गेला तो परत येईल, मी त्याच्या घरी जाऊन आलोय. त्याच्याशी भांड. तो माणूस वाईट नाही, सवय वाईट आहे.

आणि पुढच्या अंकाचा मजकूर महिन्याच्या वीस तारखेला प्रेसला जातो. दोन पानं तुझ्यासाठी मोकळी ठेवलीत. विषय मी सांगणार नाही. तो मुलगा रेशनकार्डावर घेऊन आला होता तेव्हा मी विषय सांगितला होता, त्याची फळं भोगतोय. ती दोन पानं तू दिली नाहीस तर कोरी छापू, दुसऱ्या कुणाला देणार नाही. वाचकांना कळेल कुणाची वाट बघतोय ते.

दुसरा लेख कधी देतेस?

जय लहुजी. जय भीम.